कडेखालचा केस

पाणबुड्याच्या बायकोला मास्क बसत नाही, ही गोष्ट धक्क्यावर एकूण एक माणसाला ठाऊक होती. पाणबुड्या म्हणजे तिचा नवरा. आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्या-नाकावर काचेचा मास्क चढवून, तोंडाला नळी लावून त्यांना पाण्यात न्यायचं, मासे दाखवायचे आणि धडधाकट परत आणायचं, हा त्याचा धंदा. बायकोला सगळे वहिनी म्हणत. ती घरी बसून पाण्यात घालायचे फाटके रबरी पोशाख शिवायची. त्या जाड रबरात सुई घालणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर भरतकाम करण्यातला प्रकार, पण वहिनींचा टाका कधी उसवून परत आला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे पाण्यातले कपडे हाताळणारी ही बाई स्वतः मात्र कोरडीच राहिली होती.

तसं तिला पाण्याचं भय नव्हतं. माहेरी नदीत पोहतच ती मोठी झालेली. लग्न ठरलं तेव्हा मुलगा समुद्राखाली जातो एवढं ऐकूनच ती हरखली होती, बाकी काही विचारलंच नाही तिने. आपल्यालाही तो खाली नेईल, असं ती धरूनच चालली होती.

लग्नानंतर लगेच त्याने नेलंही. धक्क्याच्या पायरीवर बसवून स्वतःच्या हाताने तिला मास्क लावला. ती कपाळावरचे केस मागे सारायला लागली, तर तो म्हणाला, "राहू दे केस, छान दिसतात." नवी नवरी ती, लाजून हात खाली घेतला. पाण्यात तोंड घातलं मात्र, मास्क डबडबून भरला आणि तिला नाकातोंडातून ठसका लागला. त्याने पट्टा आवळला, पुन्हा तेच. आणखी आवळला, गालांवर वळ उठले, तरी तेच. शेवटी त्याने सुस्कारा सोडून निकाल दिला, की तुझा चेहराच मास्कचा नाही, दुकानातले सगळे लावून पाहिले तरी हेच होणार. समुद्र ज्याचा, त्याचा शब्द खरा. तिने मानलं.

मग घरात या गोष्टीची थट्टाच होऊन बसली. नणंद तर येईल त्याला सांगायची, की आमच्या वहिनींचं नाक बघून समुद्रच आत शिरतो. वहिनीही हसायच्या. न हसून सांगतात कुणाला? संध्याकाळी मात्र त्या शिवण बाजूला ठेवून धक्क्यावर जाऊन उभ्या राहायच्या, त्याची नाव लागली की पहिलं विचारायच्या, "आज काय दिसलं?" आणि तो सांगायचा. सांगायचा छान, ते नाकारून चालणार नाही. कासव कसं आळोखेपिळोखे दिल्यासारखं वळतं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे खडकाच्या फटीतून एकामागे एक कसे निघतात, खालचं ऊन कसं हलतं. त्या ऐकत राहायच्या. एवढ्यावरच त्यांनी समाधान मानलं होतं, आणि नवरा आपल्यासाठी सगळं लक्षात ठेवून आणतो याचा त्यांना अभिमानही होता.

पुढे लेक मोठी झाली. तीही खाली जाणार म्हणून हटून बसली. चेहरा थेट आईचा: तेच कपाळ, तेच नाक. वहिनींना वाटलं, पोरीचंही आपल्यासारखंच होणार. शिवलेले पोशाख द्यायला त्या नवऱ्याच्या दुकानात गेल्या, तेव्हा बाप लेकीला मास्क निवडून देत होता. वहिनी दारातच थांबल्या. आजवर त्यांनी त्याला हे काम करताना पाहिलंच नव्हतं.

तो पट्टा लावतच नव्हता. नुसता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि म्हणायचा, नाकाने हळूच श्वास आत ओढ, आता हात सोड. मास्क खाली पडला की दुसरा. तोही पडला की तिसरा. पट्टा आवळून काही होत नसतं, उलट मास्कची रबरी कड वाकडी होते, हेही त्याने तिला समजावलं. शेवटी एक मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्याला घट्ट चिकटून राहिला. तरी त्याचं समाधान होईना. करंगळीने लेकीच्या कपाळावरचे केस कडेखालून एकेक करून बाहेर काढत तो म्हणाला, "हे आधी बघायचं. एक केस जरी कडेखाली राहिला ना, तरी पाणी शिरतं."

वहिनींनी पोशाखांचं गाठोडं तिथेच ठेवलं आणि तशाच घरी आल्या. केसाने गळा कापला असं आपण म्हणतो. वहिनींचा तो खरोखरच केसाने कापला गेला होता.

दुपारी लेक अंघोळीला गेली तशी त्यांनी तिचा नवा मास्क घेतला. केस मागे घट्ट बांधले, मास्क टेकवला, नाकाने श्वास ओढला आणि हात सोडला. मास्क राहिला. त्या तशाच शिवणयंत्रापुढे बसून राहिल्या, तो काही पडेना. पडला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

तो जेवायला आला तेव्हा त्यांनी सरळ विचारलं. आधी तो हसला. मग म्हणाला, जुनी गोष्ट आहे, कुणाला आठवतंय. वहिनींनी पुन्हा विचारलं.

"राहू दे केस, असं का म्हणालात तेव्हा? तुम्हाला माहीत होतं."

त्याने घास खाली ठेवला.

"तूही खाली आली असतीस, तर वर माझी वाट कोण बघणार होतं?"

हे त्याने इतक्या मायेने सांगितलं, की वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे संध्याकाळचं ते धक्क्यावर उभं राहणं, ज्याला त्या आपलं प्रेम समजत आल्या होत्या, ती त्याने लावून दिलेली पाळी होती. आणि सगळ्यांसमोर हसं झालं ते नाकाचं.

दुसऱ्या दिवशी लेकीचाच मास्क लावून वहिनी लेकीबरोबर पाण्यात उतरल्या. तो नावेवर राहिला. खडकापाशी त्यांनी तोंड पाण्यात घातलं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे फटीतून एकामागे एक निघत होते. ऊन हलत होतं. थोड्या वेळाने कासवही आलं आणि आळोखेपिळोखे दिल्यासारखं वळलं. त्याने सांगितलं होतं, अगदी तसंच सगळं. इतकी वर्षं तो यातलं एक अक्षरही खोटं बोलला नव्हता, हे बघून त्यांना रडू फुटलं.

त्या नावेपाशी आल्या, तेव्हा तो काठावरून जवळजवळ अर्धा बाहेर वाकला होता. हात पुढे करून त्याने घाईघाईने विचारलं, "काय दिसलं?"

वहिनींनी मास्क काढून त्याच्या हातात दिला. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"पाणी शिरलं," त्या म्हणाल्या. "काहीच दिसलं नाही."

तो मास्क हातात धरून बसून राहिला. त्यात पाणी शिरणं शक्य नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? निवडला त्यानेच होता.