माडाला बांधलेलं घर

त्या वाऱ्याला मी शिव्या देत नाही. तो सांगून आला होता. मुरुडच्या आमच्या गल्लीत दोन दिवस भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती, पत्र्याच्या घरांतल्या लोकांनी शाळेत जावं म्हणून. आमचं घर पत्र्याचं. पण आई वर्षभर पक्षाघातानं खाटेला खिळलेली, आणि शाळेच्या फरशीवर तिचे हाल होतील म्हणून बाबा हलायला तयार नव्हते. मी पनवेलहून खास तिला हलवायला आले होते आणि पोचल्यापासून त्यांच्याशी भांडत होते.

सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या चाची आल्या. त्यांच्या मुलानं कुवेतच्या कमाईतून दुमजली घर बांधलंय, आमच्यापासून वीस पावलांवर. दोन्ही घरांच्या मधे आमचा माड. त्याचे नारळ त्यांच्या अंगणात पडायचे, म्हणून त्यांनी तो तोडायला सांगितला होता. उभा माड तोडायचा म्हणजे बाबांना घरातलं माणूस मारल्यासारखं वाटायचं. ते नाही म्हणाले आणि दोन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. तरी चाची दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तांडेल, भाभीला आमच्याकडं आणा. वर स्लॅब हाय."

बाबा पूर्वी मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. अख्खी होडी त्यांच्या शब्दावर चालायची, आणि घरानंही तसंच चालावं ही त्यांची अपेक्षा. "गरज न्हाय," ते म्हणाले. "मी छप्पर बांधून घेतो."

मी चाचींना हळूच सांगितलं, की थोड्या वेळानं घेऊन येते. म्हटलं, एकदा काय ते बांधू दे, म्हणजे डोकं शांत होईल आणि ऐकतील. माझं तरी काय डोकं चाललं होतं कोण जाणे.

बाबांनी होडीचा जाड दोर काढला. छपराच्या आढ्याला वेढा घातला, एक टोक ओट्याच्या खांबाला, दुसरं माडाला. खाडीत वारा सुटला की होडी दोन्हीकडून अशीच बांधतात, आणि त्यांची होडी कधी सुटली नव्हती. "ह्यानं लय वादळं बघितलीत," माडावर थाप मारत ते म्हणाले. पण संधिवातानं त्यांची बोटं वळेनाशी झाली होती. माडाची गाठ मला मारावी लागली.

लहानपणी माझी एक गाठ टिकली असेल तर शपथ. हिच्या भरवशावर होडी ठेवली तर ती एकटीच जंजिऱ्याला जाऊन येईल, असं बाबा चारचौघांत चिडवायचे. त्या दिवशी ते सांगत गेले आणि मी दोर फिरवत गेले. मग त्यांनी दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाले, "आता शोभलीस तांडेलाची पोर." मी चाळिशी उलटलेली बाई, पण लाज वाटावी इतकी सुखावले. चहा टाकला. आम्ही दोघं ओट्यावर बसून तो सावकाश प्यायलो. आईला न्यायचं तेवढ्यात राहून गेलं.

अकरानंतर दार उघडायची सोय राहिली नाही. गल्लीतून पत्रे उडत होते. आवाज असा, की आईच्या कानाशी मी काय बोलतेय ते मलाच ऐकू येईना. तिनं चांगल्या हातानं माझं बोट धरलं होतं. ते सोडवून मी तिच्यासाठी पाणी आणायला गेले, चार पावलं.

तेवढ्यात माड मुळासकट गेला, गल्लीच्या बाजूला. गाठ सुटली असती तर तो एकटाच पडला असता. गाठ सुटली नाही. दोरानं आढं ओढलं, आढ्याबरोबर भिंतीचे वरचे चिरे निघाले आणि आईच्या खाटेवर आले.

चाची आणि त्यांची सून त्या वाऱ्यात वाकून वाकून आल्या. आम्ही चौघांनी आईला दाराच्या फळीवर घालून त्यांच्याकडं नेलं. त्या घराची एक काच फुटली होती, बाकी काही नाही. रस्त्यावर झाडं आडवी, फोन बंद, डॉक्टर कुठून आणणार. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

दोर कोयत्यानं तोडावा लागला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगायचे, "गाठ मी मारली." वाकडी बोटं मांडीखाली धरून सांगायचे. लोकांना पटायचं, तांडेलाची गाठ ती, सुटणार कशी. मला गाठ मारताना चाचींनी त्यांच्या खिडकीतून बघितलं होतं. त्याही काही बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी बाबा वारले. तेव्हाही ओट्यावर कुणीतरी म्हणालं, की बिचाऱ्यानं स्वतःच्या हातानं बायको घालवली. मी तिथंच होते. चहाचे कप गोळा करून आत घेऊन गेले.