मेल स्वीकारला, टाकून दिला

कल्पिता भानजीला राग लवकर येतो, हे मरोळच्या त्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. मूळची वेसाव्याची, आईने सुक्या मासळीच्या बाजारात तीस वर्षं कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि लेकीनेही तो गुण बरोबर उचलला होता. कंपनी डायलिसिसच्या मशीनचे भाग पुरवायची नि मशीन दुरुस्त करून द्यायची. तिथला मेल सर्व्हर नऊ वर्षं कल्पिताच सांभाळत होती.

मंगळवारी सकाळी कोकणातल्या एका छोट्या हॉस्पिटलातून मालन परब या सिस्टरचा फोन आला.

"तीन मेल धाडले. एकाचो पण जबाब नाय. पेशंटांका खयच्या तोंडान परत धाडू?"

त्यांचं एकुलतं एक मशीन चार दिवस बंद होतं. तक्रार मेलवरच करायची, हा नियम कंपनीचाच. भिकाजी नावाचे सत्तरीचे आजोबा दुसऱ्या गावी डायलिसिसला निघाले आणि एसटीतच कोसळले. आता जिल्ह्याच्या हॉस्पिटलात होते.

कल्पिताने आधी मशीनचा भाग त्याच दुपारच्या गाडीने रवाना करायला लावला. मग सर्व्हरची नोंदवही उघडली. तिन्ही मेल सापडले. प्रत्येकापुढे तेच: गुण ४.१, मेल स्वीकारला, टाकून दिला.

स्पॅम फिल्टर प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो. हॉस्पिटलचा सर्व्हर स्वस्तातला, विषय सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, खाली मोबाइलवर काढलेला फोटो, गुण चढणारच. पाचाच्या वर गेलेला मेल बाजूला काढायचा, अशी मूळची मर्यादा होती. दोन महिन्यांपूर्वी मालकांना एक घाणेरडा मेल आला आणि त्यांनी थयथयाट केला, तेव्हा कल्पितानेच ती तीनवर आणली होती. नको नको म्हणत, पण आणली होती. मात्र अडवलेले मेल वेगळ्या फोल्डरमध्ये राहतील आणि सर्व्हिस मॅनेजर सिद्धेश ते रोज बघेल, असं ठरवूनच.

आणि आता सेटिंगमध्ये तर 'टाकून द्या' लिहिलं होतं. म्हणजे मेल आपण घ्यायचा, पाठवणाऱ्याला पोचल्यासारखं दाखवायचं आणि गुपचूप कचऱ्यात फेकायचा. निदान परत पाठवला असता तर मालनला कळलं तरी असतं! बदल केल्याची तारीख अकरा दिवसांपूर्वीची. खातं सिद्धेशचं.

ती तरातरा त्याच्या टेबलाशी गेली. "फोल्डरचं सेटिंग तू बदललंस?"

"अगं, रोज दीडशे मेल कोण बघणार? सगळा कचरा असतो यार."

"माणूस मरता मरता वाचलाय, सिद्धेश!"

"ओरडू नको ना. फिल्टर तुझा आहे."

हे मात्र वर्मी बसलं. कारण तीनचा आकडा तिचाच होता. तिने तिथल्या तिथे त्याचं खातं बंद केलं, अडवलेले मेल पुन्हा फोल्डरमध्ये वळवले, मर्यादा परत पाचावर नेली, सगळ्या हॉस्पिटलांचे पत्ते फिल्टरच्या विश्वासाच्या यादीत घातले. रागाच्या भरात एक पत्ता दोनदा चुकला.

संध्याकाळी मालकांनी, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, दोघांना केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलला पाठवायचं पत्र तयारच होतं. "सॉफ्टवेअरमध्ये तांत्रिक बिघाड झाला, असं लिहिलंय. कल्पिता, तू सही कर."

"बिघाड झालाच नाही, भाऊ. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढंच केलं. सांगणारे आपण तिघं. तुम्हाला तसले मेल नको होते, मी आकडा उतरवला, आणि ह्याने बघायचं सोडून फेकून दिले."

"मला शिकवू नकोस."

"मग सही पण मागू नका."

ती सही न करताच बाहेर पडली.

जागेवर येऊन तिने मालनला स्वतःच्या नावाने मेल लिहिला: तुमचे तिन्ही मेल आम्हाला मिळाले होते, ते आम्ही न वाचता टाकले, त्यात माझीही चूक आहे. नोंदवहीतल्या तिन्ही ओळी खाली जोडल्या, भाऊंनाही प्रत टाकली आणि पाठवून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर मेमो: न विचारता हॉस्पिटलला का लिहिलं, लेखी खुलासा द्या. नोकरी गेली नाही, कारण तो सर्व्हर कळणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि याचाही तिला संतापच आला. सिद्धेशने बोलणं सोडलं. अडवलेले मेल आता रोज ती स्वतः बघू लागली. दीडशेपैकी चार-पाच खरे निघायचेच.

पंधरवड्याने तिने मालनला फोन लावला. मशीन सुरू झालं होतं. भिकाजीही घरी, मुलाकडे आले होते.

"पण आता एसटीत बसाक घाबरतत," मालन म्हणाली. "हयसर येवचा म्हटला तरी एसटीच. तेंचो झील दर खेपेक कामार खाडो घालून रिक्षान आणता."

कल्पिताची माफी मागून झाली होती. तिने फोन ठेवला, कागद ओढला आणि पंधरवडाभर टाळलेलं मेमोचं उत्तर लिहायला बसली. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' हे पहिलंच वाक्य इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला.