सुतक कुणाचं

‘मुलं किती?’ असं अमेरिकेतल्या श्रूजबरीत कुणी विचारलं, की नीलाताई सांगत, “एकच. दीपा.” इतक्या सहज सांगत, की समोरचा लगेच दुसऱ्या विषयाकडे वळे.

मुलं दोन होती. थोरला विक्रम मिरजेला, नीलाताईंच्या बहिणीकडे, सरलाताईंकडे वाढत होता. तो जन्मापासूनच मंद होता. बोलणं जड, हात अडखळणारे, हसणं मात्र मोकळं. नीलाताईंच्या नवऱ्याला, गुरुदत्तांना, वूस्टरजवळच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. व्हिसाच्या तपासणीत अशी मुलं अडतात, असं कुणीतरी सांगितलं. खास परवानगी मागता येत होती, पण ती मागायची राहिली. “वर्षा-दोन वर्षांत बघू,” गुरुदत्त म्हणाले, आणि तान्ह्या दीपाला घेऊन दोघं निघाले. नव्या गावात पहिल्याच जेवणात कुणीतरी मुलांची चौकशी केली. सगळं कुठे सांगत बसायचं, म्हणून नीलाताई ‘एकच’ म्हणाल्या. पुढे ते बदलायला तोंड राहिलं नाही.

दीपा चौदा वर्षांची असताना सगळे सुट्टीत मिरजेला गेले. तिथे तिने दादाला शर्टाची बटणं लावायला शिकवायचं मनावर घेतलं. रोज सकाळी अंगणात दोघं समोरासमोर बसत. तिला मराठी धड येत नव्हतं आणि त्याला बोलणं, तरी त्यांचं जमे. महिनाभरात खालची सगळी बटणं लागू लागली. गळ्याजवळचं तेवढं राहिलं. निघताना ती त्याला म्हणाली, “नेक्स्ट टाइम, दादा. वरचं नेक्स्ट टाइम.”

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी कॉलेजची माहितीपत्रकं घरी आली. सायकॉलॉजी गुरुदत्तांना चालण्यासारखं होतं. “त्यातून पुढे मेडिकलला जाता येतं.” कम्युनिटी हेल्थलाही त्यांनी मान डोलावली, निदान नावात हेल्थ होतं. दीपाने टीचिंग निवडलं. तेही साधं नाही. ज्यांना शिकायला वेळ लागतो, अशा मुलांना शिकवण्याची पदवी.

“एवढे मार्क मिळवून मास्तरीण होणार?” गुरुदत्त म्हणाले.

“हो, बाबा.”

“लोक विचारतील, हेच का.”

“विचारू देत ना. आन्सर आहे आपल्याकडे.”

मग ती स्वयंपाकघरात आली. नीलाताई कणीक मळत होत्या.

“आई, मंडळात तूच बोलणार ना? जस्ट से इट. स्पेशल एज्युकेशन, बिकॉज ऑफ हर ब्रदर. दॅट्स ऑल.”

नीलाताई म्हणाल्या, “सांगेन हं.” आणि त्या वेळी त्यांच्या मनात तसंच होतं.

तिथल्या मराठी मंडळाची रीत अशी, की जूनच्या कार्यक्रमात हायस्कूल संपवलेल्या मुलांना स्टेजवर बोलवायचं. आईने कुंकू लावून हातात नारळ द्यायचा आणि मूल काय शिकणार ते माइकवर सांगायचं. चर्चच्या तळघरातला हॉल भरला होता. आधीची मुलं इंजिनिअरिंगला आणि मेडिकलला निघाली होती. मंडळाची सेक्रेटरी मीनाक्षी हौशी होती. तिने माइक पुढे केला. “सांगा नीलाताई, आमची दीपा कोण होणार?”

नीलाताईंनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत गुरुदत्त खाली मान घालून बसले होते. त्यांची ती मान पाहिली, आणि तोंडातून निघालं, “मेडिकलला जाणार आहे.”

टाळ्या पडल्या. “घरचा डॉक्टर झाला!” कुणीतरी मागून म्हणालं. दीपा नारळ छातीशी धरून उभी होती. तिने आईकडे पाहिलं नाही.

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, “आई, बाबांनी नाही सांगितलं. तू सांगितलंस.”

ऑगस्टमध्ये ती ओहायोला गेली आणि टीचिंगच शिकू लागली. मंडळात तिची चौकशी झाली की नीलाताई ‘छान चाललंय’ म्हणत. तिचा फोन सणावारी येई, आणि तो बेताचाच असे. एकदा मात्र ती आपणहून म्हणाली, “धिस समर मी मिरजेला जाते. दादाबरोबर राहीन.”

त्या उन्हाळ्याआधीच, संक्रांत नुकतीच झाली होती, सरलाताईंचा फोन आला. आवाज तुटत होता.

“नीले, विक्रम गेला गं. छातीत कफ झाला, काल दवाखान्यात हलवला. नाही राहिला.”

आईने करायचं ते सगळं सरलाताईंनी आधीच केलं होतं.

“दवाखान्यात शर्ट घालून गेला,” सरलाताई म्हणाल्या. “सगळी बटणं त्यानेच लावली. कुणाला हात लावू दिला नाही.”

दीपाला कळवलं, बटणांचंही सांगितलं. तिने विचारलं, “वरचं?”

“वरचंही.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर नीलाताईंनी पुन्हा लावला, तो तिने उचलला नाही.

घरात देवापुढे दिवा लागला नाही. कुणी भेटायला आलं नाही. येणार कसं? जो गेला, तो इथे कुणाला ठाऊकच नव्हता. गुरुदत्त ऑफिसला जाऊन येत, आणि आल्यावर कोट न काढता खुर्चीत बसून राहत.

तिसऱ्या दिवशी मीनाक्षीचा फोन आला. “नीलाताई, शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. तिळगूळ तुमच्या हातचाच हवा हं. गेल्या वर्षी बायकांनी डबा चाटूनपुसून रिकामा केला.”

“मला नाही जमणार, मीनाक्षी. सुतक आहे.”

“अरे देवा. कुणाचं?”

गुरुदत्त खुर्चीतून उठले. “लांबच्या नात्यातलं म्हण,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “चुलत्याचं म्हण.”

नीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची मान पुन्हा खालीच होती.

“मुलाचं,” नीलाताई म्हणाल्या.

मीनाक्षीला खरोखरच उमजेना. हळव्या आवाजात तिने विचारलं, “कुणाच्या मुलाचं, नीलाताई?”

नीलाताईंनी गुरुदत्तांकडे पाठ केली.

“माझ्या. विक्रम नाव त्याचं. दीपाहून मोठा.” मग आणखी काय सांगावं ते त्यांना आठवेना. इतक्या वर्षांत त्याच्याविषयी सांगायची सवयच नव्हती. “शर्टाची बटणं लावायचा,” त्या म्हणाल्या. “दीपाने शिकवलं होतं त्याला.”