बर्फातली टोपलीवाली

२०१४च्या हिवाळ्यात, इथे परदेशात, मनुरेव्यातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला ते चित्र मिळालं. एकोणिसाव्या शतकातल्या कॅनडाच्या एका चित्राची छापील प्रत. बर्फात उभी एक आदिवासी बाई, अंगावर घोंगडी, पाठीवर विकायच्या टोपल्या, हातात चामड्याचे मऊ जोडे. मागे एक बंद घर. "हॉलमध्ये हे?" बायको म्हणाली. पण माझ्या आईचं तिला ठाऊक होतं; तिनंच खिळा शोधून दिला.

चित्रकारानं टोपल्यांची वीण मन लावून काढली आहे. चेहरा मात्र पदराच्या, म्हणजे घोंगडीच्या सावलीत दोन ठिपक्यांत उरकलाय.

माझी आई सुपं-टोपल्या विणून दारोदार विकायची. ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घरी ती कायम कामावर वाकलेली, आणि बाहेर दिसली की मीच मान वळवायचो. त्यामुळे तिच्या टोपल्यांची कड मला आजही डोळे मिटून दिसते. तिचा तरुण चेहरा दिसत नाही. फोटो आहे तो म्हातारपणचा. इथल्या मित्रांना मी सांगत आलो, आईचा छोटा बिझनेस होता.

एका रविवारी बॉटनी डाउन्स या उपनगरातल्या आमच्या घरी पुण्याचा मित्र बायकोसह आला. चित्राकडे बघत म्हणाला, "इथे बर्फ पडत नाही म्हणून भिंतीवर पाडलास का रे?" सगळे हसलो. माझ्या लेकीला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिनं विचारलं, "बाबा, डिड एनीवन बाय देम?"

एरवी मी आणखी चहाचं विचारून वेळ मारून नेली असती.

"माहीत नाही गं. पण तुझी आजी अशीच उभी राहायची. लोकांच्या दारात, टोपल्या घेऊन."

मित्रानं कप खाली ठेवला. त्याची बायको मात्र उसळलीच. "अहो भावोजी, आणि इतकी वर्षं गप्प? आईनं दिलेलं सूप एअरपोर्टवर काढून घेतलं माझं. दरवर्षी गौरी स्टीलच्या ताटातून आणतेय मी! तुम्हाला येतं का विणायला?"

"यायचं."

लेक चित्रापाशीच होती. "इज दॅट आजीज फेस?"

"नाही."

"देन व्हॉट डिड शी लुक लाइक?"

मी उठलो. चित्र उतरवलं, तिला खाली बसवून तिच्या मांडीवर ठेवलं, तिचं बोट टोपलीच्या कडेवर नेलं. "ही पट्टी वरून, ही खालून. आणि कड आवळताना ती खालचा ओठ असा दाताखाली..."

बोलता बोलता माझाही ओठ तसाच दाबला गेला. तिचा ओठ आठवला होता.