हायब्रिड गाडी आणि आमचं फाटक

मंडळी, आज सोलापुरात दोन हायब्रिड गाड्या पाहिल्या. एकीची डिकी बॅटरीनं खाल्लेली, दुसरीची मागची सीट अरुंद. ब्रोशरवर माझा विश्वास नाही, मी टेप लावून मोजलं.

"काका, गाडी घ्यायची का शर्ट शिवायचा?" सेल्समन हसला. "आजच बुकिंग करा, उद्या ऑफर नाही!"

"आधी चालवू तर द्या."

गाडी हलली, पण आवाजच नाही. "बघा, तुम्ही आलेलं घरच्यांना कळणारसुद्धा नाही!"

आमच्या डिझेल जीपचा आवाज कोपऱ्यावर आला की सलमा, माझी लेक, "अब्बा आले" म्हणत फाटक उघडायला धावायची. आता ती हैदराबादला सासरी असते.

बुकिंग न करताच उमरग्याला परतलो. फाटकापाशी जीप उगीच थोडा वेळ चालू ठेवली. मग उतरून मीच फाटक उघडलं.

तुमच्या गाडीचा आवाज घरात कोण ओळखतं?