वहिनीचा शब्द फोडायचा खेळ

आमच्या घरात अक्षर येणारी मी एकटीच होते आणि मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला जाणार नाही.

पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. तारकर्लीच्या वाटेवर आमचं घर. सातवीची फायनल पास होऊन मी मास्तरणीच्या नोकरीची वाट पाहत बसले होते. दादा मुंबईला कामाला. घरी बाबा, वहिनी आणि दादाची पाच वर्षांची मुलगी. दादाचं पत्र यायचं ते बाबांच्या नावाने. बायकोला वेगळं पत्र धाडायची आमच्याकडे तेव्हा रीत नव्हती; कुणी धाडलंच असतं तर वाडीभर हसू झालं असतं. बाबांना कमी दिसायचं, म्हणून पत्र मी वाचायची. पडवीत, मोठ्याने, शेजारची चार माणसं बसलेली असली तरी. वहिनी दाराआडून ऐकायची. उत्तरही मीच लिहायची. तिला नवऱ्याला काही कळवायचं असलं तर आधी ते मला सांगावं लागायचं, आणि मला सांगण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नसायचं.

म्हणून तिने सगळी आस मुलीवर ठेवली होती. एकदा हसत हसत ती म्हणाली, "वन्सं, माझा चेडू लिवूक-वाचूक लागला, की माका कोणाच्या तोंडाकडे बघूक नको." मला ते चांगलंच झोंबलं.

पोरीला शिकवायची तिची तऱ्हा वेगळीच होती. पावसाआधी घराच्या कुडाला लावायला झाप विणायचे असत. भिजवून चिरलेली नारळाची झावळ खळ्यात पसरायची आणि एक पात वर, एक पात खाली असं विणत जायचं. वहिनी विणायला बसली की पोर समोर बसायची, आणि दोघींचा खेळ सुरू व्हायचा.

"सांग गो, 'म' कशात आसा?"

"मासो! मीठ! माड!"

"आता सूप फोड बघूया."

"सू... प."

"नि शेवटाक काय ऱ्हवला?"

"प! पातो! पेज!"

वहिनीला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. शब्दात आवाज असतात आणि ते सुटे करता येतात, हे तिने आपल्याच कानांनी शोधून काढलं होतं. फोडलेल्या प्रत्येक आवाजाला ती एक पात वळवायची. पोर चुकली तर हात थांबवायची, रागवायची नाही. पोर कावळ्याला फोडायची, कोयत्याला फोडायची, आजोबांच्या खोकल्यालासुद्धा फोडायची, आणि मग दोघी पोट धरून हसायच्या.

मला ते हसणं खपेना. शाळेत हे असलं काही नव्हतं. शाळेत पाटी होती, मुळाक्षरं होती आणि घोकणं होतं. शिवाय हिचे सगळे शब्द मालवणी. पोर उद्या मास्तरांसमोर 'मासो' म्हणाली तर नाव माझं जाणार. एके दिवशी शेजारणी झाप विणायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "वयनी, तुका स्वतःक अक्षर येणा नाय, नि तू काय शिकवतलंस?"

शेजारणी हसल्या.  वहिनी विणत होती तो झाप तिने पुरा केला. तो खेळ मात्र त्या दिवसापासून बंद झाला आणि पोर माझ्या ताब्यात आली.

मी तिला कसं शिकवलं ते सांगायला आज लाज वाटते. अ पासून ज्ञ पर्यंत रोज दहादा. पाटी माझी, छडी माझी. महिन्याभरात ती सगळी अक्षरं धडाधड म्हणू लागली. मी बाबांसमोर तिला उभी करून मिरवून घेतलं. पण 'घर' लिही म्हटलं की ती नुसती बघत बसायची. घ येत होता, र येत होता, त्यांचं घर कसं होतं ते तिला सुधरत नव्हतं. शाळेत ती मागे पडली, पहिलीत दोन वर्षं काढली. मी म्हणायची, पोरच मठ्ठ आहे. वहिनी हे ऐकायची. तिने एकदा विचारलं, "वन्सं, अजून किती दिवस लागतीत?" मी खांदे उडवले. काहीही लिहिलं तरी आधी मला दाखवायचं, तपासल्याशिवाय पाटी पुसायची नाही, असा दंडकही मी पोरीला घालून दिला होता.

पोर आठ वर्षांची झाली. श्रावणातली एक दुपार. बाबा बाजाराला गेले होते आणि मी मागल्या दारी भांडी घासत होते. माजघरातून वहिनीचा दबका आवाज आला. "मा... का. फोड बघूया. मा... का." मग पोरीचा आवाज, मग टाकाची करकर. वहिनीने पोस्टमनकडून गुपचूप पत्राचा कागद आणवला होता. तीन वर्षं माझ्या छडीने जे झालं नाही, ते आईच्या तोंडून आवाज ऐकत ऐकत त्या दुपारी होत होतं. पोर आख्खं पत्र लिहीत होती.

आणि लिहून झाल्याबरोबर ती कागद घेऊन धावत माझ्याकडे आली. "आते, तपास."

मी वाचायला नको होतं. हात पुसले आणि वाचलं. "औंदा गणपतीक येशात तेवा माका तुमच्यावांगडा न्हेवा. हंय माका धा माणसांत एकट्यासारख्या वाटता." एक आवाज सुटला नव्हता. वहिनी बोलत होती तशीच कागदावर उतरली होती. आणि मी काय करावं? मी लाल पेन्सिल घेतली आणि ओळीमागून ओळ खोडून, 'वांगडा'च्या जागी 'बरोबर' असं, वर शुद्ध मराठीत लिहीत गेले.

मान वर केली तर वहिनी दारात उभी. लाल खुणा तिला वाचता येत नव्हत्या, पण दिसत होत्या.

"तुमी वाचलात?"

"चुकी होती गो, ती काढलंय," मी म्हटलं.

तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि चुलीत घातला. "ऱ्हवांदे आता," एवढंच म्हणाली. पुन्हा तिने पोरीला कधी काही लिहायला सांगितलं नाही.

पुढे मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. मुलांना आधी शब्दातले आवाज ओळखू द्या, अक्षरं मागून येतील, असं मीच नव्या मास्तरणींना सांगायची. त्या माझी वाहवा करायच्या आणि मी ती मुकाट्याने घ्यायची.

पण माझा खरा गुन्हा शिकवण्यातला नव्हे. ते पत्र जळलं तरी मला सबंध पाठ होतं. दादाला मी दोन ओळींत कळवू शकले असते. कळवलं नाही, कारण वहिनी मुंबईला गेली असती तर रांधप, झाप, बाबांचं दुखणं-खुपणं, सगळं माझ्या गळ्यात पडलं असतं. दोन दिवसांनी बाबांनी मला दादाला कार्ड लिहायला बसवलं. त्यांचा मजकूर संपला तरी खाली थोडी जागा उरली होती. वहिनी दाराआड उभी होती. मी तिला काही विचारलं नाही. त्या जागेत मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, मुलीची आई मजेत आहे.