वयलो वारो

आमच्या बंदरावर होड्यांची जीपीएस मशीनं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मशीनला हात लावण्याआधी ते मोबाईल उघडतात. त्यात उपग्रहांनी टिपलेलं चित्र असतं: सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण ध्रुवाभोवती किती उतरताहेत, त्याचं. तिथलं हिरवं कडं लाल झालं, की यांचा स्क्रूड्रायव्हर खाली.

"मशीन बरा आसा. सूर्याच्या आंगात वारो इलो आसा, म्हणान शिग्नल भरकाटता. उद्या बघूया."

मी याला आळस म्हणालो असतो, पण दुसऱ्या दिवशी मशीन खरंच नीट चालतं.

गेल्या महिन्यात एका होडीच्या तांडेलाला ते म्हणाले, "आज वारो मोठो आसा, मशीनवर इस्वास ठेव नको." तांडेलाने अर्धंच ऐकलं आणि होडी काढलीच नाही. समुद्र दिवसभर तेल ओतल्यासारखा निपचित. त्याची बायको मासळीची रिकामी पाटी घेऊन यांच्या दुकानात आली.

"वारो खंय आसा रे मेल्या? माडाचा पान हलणा नाय!"

त्यांनी मोबाईल पुढे केला. "हो बघ गो वैनी, ध्रुवावर."

"थयसून माका बांगडे मेळतले?"

त्यांनी मोबाईल खिशात घातला. तेव्हापासून ते 'वयलो वारो', म्हणजे वरचा, अशी फोड करून सांगतात. तीही जाता-येता विचारते, "वयलो वारो कसो आसा?"

"वाढलो आसा."

मग ती आभाळाकडे एकदा बघते आणि पदर घट्ट खोचून घेते.